कलत्या भोवऱ्याची फारकत
एम. पी. नगरच्या एका क्लासमध्ये दहावीला गणित शिकवणाऱ्या विनिता पिंपळापुरे चार दिवस भोवऱ्याशी झगडत होत्या. शंकूवर अर्धगोल बसवून त्यांनी तो मुलांना दाखवायला लॅपटॉपवर रचला होता. पण जरा कलता करायला गेलं, की दोन्ही आकार आपापल्या मध्याभोवती वळत आणि त्यांची फारकत होई.

"अरे, एकत्र वळा ना मेल्यांनो!" त्या वैतागून म्हणत.

पाचव्या दिवशी चूक उमगली. दोघांनाही शंकूच्या टोकाभोवतीच वळवायला हवं होतं. भोवरा अखंड कलला. त्यांनी हौसेने क्लासच्या हिंदीभाषक संचालकांना बोलावलं.

"मॅडम, घुमाना सिलेबस में नहीं है," ते म्हणाले. "सिर्फ आयतन पढ़ाइए."

विनिताताईंनी लॅपटॉप धाडकन मिटला आणि फळ्यावर घनफळाचं सूत्र लिहायला घेतलं.