पहाडीची कुंडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — घरात नाही, देवापुढेसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

वर्ध्याला आमच्या शेजारी सुमनबाई राहतात, सून रेखासोबत. मुलगा लडाखात रस्त्याच्या कामावर होता. शेवटच्या सुट्टीत त्याने तिथलं एक रोप आणलं — जमिनीला चिकटून पसरणारं, बारीक पानांचं. सुमनबाई त्याला ‘पहाडी’ म्हणायच्या. तो परत गेला आणि दरड कोसळली. देह सापडला नाही.

“पहाडी जित्ती हाये ना, मंग तो बी हाये,” सुमनबाईंनी ठरवूनच टाकलं. तेरवी केलीच नाही.

पण आमच्या उन्हाळ्यात ते जगावं कसं? कुंडी कूलरसमोर ठेवलेली — माणसं घामाघूम, हवा कुंडीला. एका मे महिन्यात त्या दोघी केळझरला लग्नाला गेल्या, किल्ली माझ्याकडे देऊन. माझ्या हातची वाळकी काडीही रुजते, असं सगळी कॉलनी म्हणते. मीही तोऱ्यात हो म्हटलं. आणि — कूलरच्या टाकीत पाणी भरायला विसरले. विसरले? छे. उन्हात उठायचा कंटाळा केला. गेले तेव्हा कूलर गरम हवा फेकत होता आणि पहाडी जळून गेली होती.

आमच्या मोरीजवळ तसल्याच बारीक पानांची वेल उगवते. ती उपटून मी कुंडीत लावली.

सुमनबाई आल्या, कुंडीवर हात ठेवला. “थंडगार हाये व माय,” म्हणाल्या. मला हसू येणार होतं — मग मीही बोट लावलं. लाईट सकाळपासून गेलेली, कूलर बंद, आणि माती बर्फासारखी गार. आजही तशीच असते. काऊन? मला कळत नाही. भर दुपारी भिंतीपलीकडून सुमनबाईंचं कुंडीशी बोलणं ऐकू येतं. मध्येच थांबतात, कुणी उत्तर देत असल्यासारखं. मला त्या घराची भीती वाटते.

मागच्या वर्षी रेखाला स्थळ आलं. माणूस सेलूचा, समजूतदार. ती फाटकाशी आली, हळूच म्हणाली, “काकू, खरं सांगजा. हे तेच झाड हाये ना?”

खरं बोलले असते तर ती सुटली असती. माझं काय गेलं असतं? कॉलनीतलं नाव, बस.

“तेच हाये,” मी म्हटलं.

तिने स्थळाला नकार कळवला. आता कुंडीला पाणी तीच घालते. आणि काल ऐकलं — तीही त्याच्याशी बोलायला लागली आहे.