पहिली प्रतिमा

हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही — आईला नाही, सरांना नाही, प्रीतीला तर नाहीच.

ग्वाल्हेरच्या आमच्या प्रयोगशाळेत प्रीती आणि मी एकाच प्रकल्पावर होतो. ती अतिसूक्ष्म चुंबकांची जाळी घडवायची. प्रत्येक सांध्यावर तीन चुंबकांची टोके एकत्र येत. तिघांचेही समाधान एकाच वेळी होणे अशक्य. म्हणून ती तडजोड करतात — दोघांच्या दिशेचे बाण सांध्याकडे आत, एकाचा बाहेर, किंवा याउलट. ही तडजोड कुठे मोडते, ते मी सूक्ष्मदर्शकाची चुंबकीय सुई नमुन्यावरून फिरवून, त्याची प्रतिमा घेऊन वाचायचे.

सुई पृष्ठभागापासून पुरेशी उंच ठेवावी, हा आमचा पहिला धडा. फार जवळ नेली, तर ती वाचता वाचता चुंबकेच उलटवते. हे मला ठाऊक नव्हते का? होते. पण मला प्रतिमा अधिक ठळक हवी होती — परिषदेत मी सादर करणार होते. योग्य उंचीवरच्या पहिल्या प्रतिमेत सगळे शिस्तीत होते. उंची कमी करून घेतलेल्या दुसरीत जागोजागी तडजोड मोडलेली. कारण कळायला मला हातातला चहा संपेपर्यंतही वेळ लागला नाही.

आमच्या मार्गदर्शक सरांपुढे मी फक्त दुसरी ठेवली. का? पहिली फिकट होती — असे मी तेव्हा स्वतःला सांगितले.

"प्रीती, ये सैंपल है कि भेलपूरी?" सर म्हणाले. सगळे हसले, तीही. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मुग्धा, मैंने तो तीन बार चेक किया था यार."

"होता है कभी-कभी," मी म्हणाले.

नमुने घडवायचे काम दुसऱ्याकडे गेले. मी सुई गुपचूप पूर्वीच्या उंचीवर नेली, आणि त्याचे नमुने अर्थातच निर्दोष निघाले — तोच प्रीतीविरुद्धचा पुरावा ठरला. वर्षअखेरीस तिने पीएचडी सोडली. शोधनिबंधावर पहिले नाव माझे आहे.

मागच्या आठवड्यात ती महाराज बाड्याच्या चौकात भेटली. दौलतगंजच्या एका कोचिंगमध्ये शिकवते. "अब तो सैंपल ठीक आते हैं ना?" तिने विचारले — अगदी मनापासून. मी "हाँ" म्हणाले. त्यानंतर घरापर्यंतचा रस्ता फार लांब वाटला.

पहिली प्रतिमा अजून माझ्या संगणकात आहे. तिच्याखाली सुईची उंची नोंदलेली आहे, आणि नमुना घडवणारीच्या रकान्यात प्रीतीचे नाव.