बैलाच्या पसंतीचं अत्तर

मोगलाईत जवळा बाजार गावच्या आठवडी बाजाराला मी शेजाऱ्याच्या बैलगाडीतून जायचो. शेजारी अत्तराचा शौकीन होता, पण भडक वास लावला की त्याचा बैल जुवाखाली मान देत नसे. म्हणून अत्तरवाल्याचा कापसाचा फाया कानात खोचून तो आधी बैलापाशी जाई आणि कान त्याच्या नाकाशी धरी. बैल फुरफुरला की फाया परत जाई. मोगरा, हिना असेच परत गेले.

"माणसाला काहून न्हाई इचारत?" मी म्हटलं.

"माणूस तोंडदेखलं बोलतो."

एका बाजारी त्यानं वाळ्याचं मंद अत्तर लावलं. बैलानं हुंगलं, कान चाटला आणि फाया गिळून टाकला.

शेजारी कान पुसत अत्तरवाल्याकडं वळला. "हेच द्या, मियां. अन् फाये दोन द्या."