तुळशीवर ऊन येईपर्यंत

मांडवीच्या त्या घरात पहाटे पावणेसहाला दुधाचा पेला यायचा. खारकेची पूड घातलेलं, सोसवेल इतकं गरम दूध. घेऊन येणारी येसूबाई, ऋतिकाची सासू. पेला रिकामा होईपर्यंत ती पदराला हात पुसत समोर उभी राहायची. ऋतिकाला दुसरा महिना लागला होता. गेल्या वर्षीचं दुसऱ्याच महिन्यात गेलं, त्यामुळे या खेपेला येसूबाई कसलीच कसर ठेवणार नव्हती. मुलगा स्वरूप लोट्याला केमिकल कंपनीत पाळीवर. तिथेच खोली घेऊन राहायचा, रविवारी यायचा. म्हणून सुनेच्या खाटेशेजारी आता सासूचं अंथरूण पडलं होतं.

या बाईला कुणी वाईट म्हणू शकलं नसतं. तीच तर पंचाईत होती.

ऋतिकाचा थायरॉइड कॉलेजपासूनचा. रोज एक गोळी, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. संगमेश्वरचं एक चांगलं स्थळ तेवढ्यावरून मोडलं, तेव्हा तिच्या आईने ताकीद दिली होती, "विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर आपण होऊन तोंड उघडायचं नाही." इथे कुणी विचारलं नाही. स्वरूपला तिने लग्नानंतर आठवड्याभरात सांगितलं. तो म्हणाला, "गोळी घेतेस ना? मग झालं. आईला कशाला?" तिलाही ते पटलं. मग एक दिवस बांगडे साफ करता करता येसूबाई शेजारच्या गोदाच्या सुनेबद्दल बोलली, "तिला थायरेट आहे म्हणे. तसल्या पोरीची कूस कशी भरायची?" त्या दिवशी गोळ्यांची डबी पर्समध्ये तळाशी गेली, ती तिथेच राहिली.

एरवी निभून जायचं. सगळ्यांच्या आधी उठायचं, गोळी घ्यायची, तासाभराने चहा. आता न्हाणीघरात गोळी गिळून बाहेर येते तो दारातच पेला.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर मॅडमनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "टीएसएच सहा पूर्णांक नऊ. या दिवसांत अडीचच्या आत हवा. डोस तर आपण गेल्याच महिन्यात वाढवला. गोळी घेता कशी?"

"उपाशीपोटी."

"आणि मग किती वेळाने खाता?"

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या येसूबाईची पावलं दिसत होती. "तासाभराने," ऋतिका म्हणाली.

मॅडमनी डोस लिहायला उचललेलं पेन खाली ठेवलं आणि आवाज उतरवला. "वरून लगेच दूध पडलं तर गोळी अंगी लागत नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तर चार तास लांब ठेवायची. बाळाची स्वतःची थायरॉइडची ग्रंथी अजून कामाला लागलेली नाही. तोवर त्याच्या मेंदूला जे लागतं ते तुमच्याकडूनच जायचं. चार आठवड्यांनी पुन्हा बघू."

रिक्षात येसूबाईने विचारलं, "काय म्हणाल्या गो?"

"सगळं बरं आहे."

तिला हवा होता फक्त एक रिकामा तास. तेवढाच त्या घरात नव्हता. पहाटे चारला उठून गोळी घ्यावी म्हणून तिने पर्सची चेन ओढली, तर येसूबाई उठून बसली. "काय होतं, बाय? कळा येतात?" दिवा लागला, पाठीवरून हात फिरला, न्हाणीपर्यंत सोबत झाली. रात्री झोपताना घ्यावी तर तेव्हाही हळदीचं दूध होतंच. दूध नको म्हटलं की येसूबाईचा चेहरा असा व्हायचा, की गेल्या वर्षीचं दवाखान्यातलं बाकडंच डोळ्यांपुढे यावं.

चौथ्या दिवशी तिला युक्ती सुचली. "आई, मी भैरीदेवाला नवस बोललेय. बाळंत होईपर्यंत तुळशीवर ऊन आल्याखेरीज पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही."

येसूबाईचे डोळे भरून आले. "आजकालच्या पोरी एवढं कुठे करतात."

तुळशीवर ऊन यायला सव्वासात वाजायचे. न्हाणीत गोळी आणि मग दीड तास. ऋतिका जन्मात एवढी खूश झाली नव्हती. तिसऱ्या सकाळी तिच्या लक्षात आलं, की सासूच्या चहाचं आधणही ओट्यावर नाही.

"तू एकटीने कशाला करायचं?" येसूबाई म्हणाली. "नातवंड माझंपण आहे."

येसूबाईला साखरेचा आजार. सहाला गोळी आणि लगेच चहा-बटर, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. गोळी तिने सोडली नाही, चहा-बटर मात्र सोडलं. गोळीवर पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम उतरते, असं ऋतिकाने समजावून पाहिलं. "देवाला कळतं सगळं," एवढंच उत्तर आलं. आता सासूला सोडवावं तर आपलं खोटं उघडं पडतं, आणि गप्प राहावं तर रोज सव्वा तास तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं.

दहाव्या दिवशी मळभ आलं. माघाचा महिना. बागायतदार मोहोराकडे बघून हळहळत असतील, ऋतिका तुळशीकडे बघत होती. आठ वाजले. साडेआठ झाले. येसूबाई पडवीच्या पायरीवर तांदूळ निवडत होती, आणि सूप थरथरत होतं. कपाळावर घाम डवरला होता. ऋतिका धावत जाऊन साखरेचं पाणी घेऊन आली. येसूबाईने तोंड फिरवलं.

"ऊन येऊ दे."

"आई, चक्कर येतेय तुम्हाला."

"गेल्या खेपेला काहीतरी चुकलं आपल्या हातून. या खेपेला नाही चुकायचं."

ऋतिका पायरीवर बसली. "मी भैरीला काही बोललेले नाही, आई. मला थायरॉइड आहे. दहा वर्षं झाली. गोळीवर दूध चालत नाही, म्हणून तो तास हवा होता. आता हे प्या."

येसूबाईने पेला घेतला. दोन्ही हातांनी धरून प्यायली. तो रिकामा होईपर्यंत ऋतिका समोरून हलली नाही. थरथर थांबायला दहा मिनिटं गेली. मग येसूबाई म्हणाली, "स्वरूपला ठाऊक होतं?"

"हो."

"म्हणजे मलाच नव्हतं." मग अगदी हलक्या आवाजात, "गेल्या वर्षीचं त्यानेच गेलं?"

"माहीत नाही. नक्की कुणालाच सांगता येत नाही."

येसूबाई सूप घेऊन आत गेली. त्या रात्री तिचं अंथरूण माजघरात पडलं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला कुणी आलं नाही. ऋतिकाने स्वयंपाकघरात दिव्याखाली उभं राहून गोळी घेतली, कुणापासूनही चोरून नाही. मग पडवीत जाऊन खुर्चीवर बसून राहिली. एवढा आटापिटा करून मिळवलेला तास, पण सरता सरेना. सात वाजता बघते तर दुधाचा पेला ओट्यावर, वर ताटली झाकलेली. देणारी परसात होती.

हे रोजचं झालं. पेला चुकला नाही, हात मात्र आला नाही.

ठरल्या दिवशी रिपोर्ट आला. रिक्षात येसूबाईने कागद मागून घेतला, लांब धरून पाहिला. "दोन पूर्णांक तीन. खाली गेलं म्हणजे बरं, का वाईट?"

"बरं."

येसूबाईने कागदाची घडी केली आणि आपल्या बटव्यात ठेवली. संध्याकाळी तो कागद देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याखाली दिसला.

सकाळी दूध ओट्यावरच होतं. ताटली झाकलेली.