बापूंच्या नळीतली हिरवी चिंधी

पोलिसात तीस वर्षं काढली. खोटं बोलायला एकदाच तोंड उघडलं होतं, आणि समोरच्या आरोपीनंच बोलू दिलं नाही.

ते बापू आज सकाळी गेले.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटची. मी नवा कॉन्स्टेबल, ड्युटी कोल्हापुरात.
वरून ऑर्डर आली. पीक राखायला दिलेल्या सगळ्या ठासणीच्या बंदुका जमा करून घ्या. परत कधी द्यायच्या, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

डोंगरकडेच्या गावांत रानडुकरांचा नुसता हैदोस. मक्याचं उभं रान बघता बघता आडवं करायची.

त्यातल्याच एका गावचे शेतकरी, बापू, पेटले. सायकलवरून गावोगाव फिरले, अर्ज लिहिले, सह्या-अंगठे गोळा केले, साहेब लोकांच्या दारात ताटकळले.
उत्तर शून्य.

मग त्यांनी ठरवलं, बंदुका द्यायच्या, पण मोर्चानं. भर कोल्हापुरात, चारचौघांच्या देखत. प्रत्येक नळीला डुकरानं खाल्लेलं कणीस बांधून.

बंदुकांचा मोर्चा! आमच्या साहेबांची झोपच उडाली. शेवटी अट घातली. सगळ्या बंदुका रिकाम्या पाहिजेत. एक जरी भरलेली निघाली तर मोर्चा तिथंच मोडायचा आणि सगळ्यांना आत घ्यायचं.

बापू म्हणाले, "एकाबी नळीत दारू असायची न्हाय. माझा शब्द हाय."

खरं सांगतो, मला ती ऑर्डर बरोबर वाटायची. बांधाच्या भांडणात हाताशी बंदूक असली की काय होतं, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. पुढं बापूंना हे तोंडावर सांगितलं, तर त्यांनी आधी शिव्या घातल्या आणि मग चहा पाजला.

मोर्चा आला. दोन ट्रॉल्या, चाळीसेक माणसं.
कचेरीच्या फाटकात आम्ही लाठ्या घेऊन. आमच्या मागं रायफलवाले. टेन्शन एवढं की कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

माझं काम सोपं. नळीत लोखंडी गज घालायचा. तळाला गेला तर बंदूक रिकामी. वर जास्त राहिला तर आत बार ठासलेला. तपासलेली बंदूक खोलीत नेऊन ढिगात टाकायची.

सगळ्या रिकाम्या निघाल्या. शेवटची बापूंची.

गज वीतभर वरच राहिला.

काढला, परत घातला. वीतभर वरच.

बापूंकडे बघितलं तर चेहरा पांढराफटक. त्यांनाही माहीत नव्हतं, हे मला तिथंच कळलं.

साहेब ओरडले, "काय रे, झालं का?"

एवढ्या माणसांना आत घालायचं, तेही चुकून राहिलेल्या एका बारापायी? माझ्या मनानं घेतलं, खोटं बोलायचं. बंदूक उचलली, "रिकामी आहे" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बापूंनी नळी गच्च धरली.

"साहेब, माझी भरल्याली हाय."

शिट्टी वाजली. लाठ्या वर झाल्या. मागची माणसं पुढं सरकली.

बापू गरजले, "कुणी हलायचं न्हाय! बसा खाली समदी!"

चाळीस माणसं धुळीत बसली.

"साहेब, शब्द माझा, बंदूकबी माझी. मला आत घ्या. ह्यांच्या रिकाम्या हायत, तुमच्याच माणसानं बघितल्यात."

आणि मग हळूच मला म्हणाले, "पोरा, घोड्याखाली केपबी असंल बघ. ढिगात टाकली असतीस तर तुज्याच अंगावर फुटली असती."

मी घोड्यावरचं कातड्याचं झाकण उचललं. ठिणगी पाडणारी केप जाग्यावर बसलेली. घाईत मी तिथं बघितलंच नव्हतं.

साहेबांनी खाली बसलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवली. मग लाठ्या खाली घ्यायला सांगितल्या. मोर्चाचा अर्ज घेतला आणि बापूंना अटक केली.

पंचनाम्यासाठी तो बार मागच्या माळावर मातीत काढला. धूर गेला तेव्हा समोर जळकी हिरवी चिंधी पडलेली. लुगड्याच्या काठाची.

बापू नेहमी नारळाच्या काथ्यानं बार ठासायचे. ते त्या चिंधीकडे बघतच राहिले.

पंचनामा मी लिहीत होतो. बापूंनी विचारलं, "काय लिवलंस?"
"चिंधी."
"बास. कसली त्ये लिवू नगंस."

नाही लिहिलं.

काही महिन्यांनी ऑर्डर सैल झाली. सगळ्यांच्या बंदुका परत आल्या. बापूंची आली नाही. लायसन्स कायमचं रद्द. उरलेली सगळी वर्षं त्यांनी पत्र्याचा डबा बडवून रान राखलं.

वर गावाकडून टिंगल. पुढारी बनून निघाला आणि स्वतःचीच बंदूक भरलेली! बापू हसायचे. "इसरलो गड्यांनो, वय झालं." तेव्हा ते चाळिशीतसुद्धा नव्हते.

पुढं माझं त्यांच्या घरी येणं-जाणं झालं. एकदा बापू बाहेर गेले असताना त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या,

"भाऊ, ती चिंधी माझ्या लुगड्याची. मोर्चाच्या दिशी ह्ये पहाटंला माणसं गोळा करायला गेलतं आन् डुकरं मक्यात शिरली. मी एकटीच. ठासली, तवर डुकरं पळाली. तशीच खुटीला लावली. ह्ये आलं ते बंदूक घिऊन पळालंच, सांगायचं ऱ्हाऊन गेलं. आजवर ह्यांनी एकदाबी इषय काढला न्हाय."

डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "ह्यांच्या माघारी तरी खरं सांगा."

काकू चार वर्षांपूर्वी गेल्या.

आज स्मशानात एकजण मला म्हणाला, "काय ओ, भरल्या बंदुकीचे बापू गेले की!" आणि हसला. अशी सणक गेली डोक्यात! पण मयतीत काय बोलणार. म्हणून इथं लिहितोय. त्यानंही वाचावं.

बापू, पंचनाम्यात लिहिलं नव्हतं ते आज लिहिलं. काकूंनी सांगून ठेवलं होतं, माझा इलाज नाही.

त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असता तर हे लिहायला मी नसतो.

शेवटचा रामराम, बापू.