पहाटेपर्यंत मंगळवारच

रेवसच्या धर्माजी कोळ्यांची किशोरी प्रोग्रामिंग करते. ती ज्या लायब्ररीवर काम करते तिथे पुस्तकं नसतात. इतरांनी आपापल्या ॲपमध्ये वापरावा असा तयार कोड असतो. त्यातला तारीख-वेळ तपासायचा भाग तिच्याकडे आहे. दिलेली वेळ मर्यादेत असेल तर घ्यायची, नसेल तर परत पाठवायची. कंटाळवाणं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

तोच कोड वापरून तिने गावच्या मच्छीमार संस्थेसाठी ॲप केलं. होडी समुद्रात जाण्याआधी निघायची वेळ नोंदवायची, म्हणजे बाहेर कोण आहे ते किनाऱ्यावर कळतं. मंगळवारी संध्याकाळी संस्थेत चाचणी होती. जमलं तर ॲप, नाही तर आपला जुना फळा, असं अध्यक्ष शिवदास यांनी आधीच बजावलं होतं.

पहिला मान धर्माजींचा. त्यांनी मंगळवार, पहाटेचे तीन असं भरलं. ॲप म्हणालं, ही वेळ होऊन गेली.

"गेली कशी? मी हितं बसलोय, होडी धक्क्याला हाय."

"पोरीनं तुला न घेताच होडी हाकारली वाटतं," शेजारचा भागोजी म्हणाला. सगळे हसले.

"बाबा, रात्री बारानंतर बुधवार लागतो," किशोरी म्हणाली.

"बुधवार उजाडल्यावर. त्याच्या आधी न्हाय."

कोळीवाड्यात रात्र आदल्या दिवसाचीच धरतात. शिवदास फळ्याकडे बघू लागले. मी किशोरीची शाळेतली गणिताची बाई. गप्प बसणं मला जमत नाही. म्हटलं, "अगं, त्यांना नीट तारीख घालायला शिकव आणि मोकळी हो."

"बाई, ॲप त्यांच्यासाठी आहे. अख्खा कोळीवाडाच चुकतोय असं म्हणून कसं चालेल?"

तिने तिथेच लॅपटॉप उघडला. चहा आला, गार झाला.

दुसऱ्या खेपेस ॲपने नकार न देता विचारलं, 'आजची रात्र उलटल्यावरची, म्हणजे बुधवारची पहाट का?' धर्माजींनी 'हो' दाबलं. नोंद झाली. मग मुद्दाम खोडी काढायला त्यांनी उलटून गेलेली दुपार घातली. ॲपने साफ नकार दिला.

"आता बराबर," धर्माजी म्हणाले. याहून जास्त कौतुक त्यांनी मुलीचं केलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

हीच सोय मूळ लायब्ररीत घ्यावी म्हणून किशोरीने पाठवली आहे. तिथली मंडळी अजून वाद घालताहेत, घालोत. त्या संध्याकाळी शिवदासांनी फळा पुसायला घेतला, तेवढ्यात भागोजीने आपला फोन तिच्यापुढे धरला.

"ह्याच्यात पन टाक गो. आन हसू नको, पासवर्ड मला म्हायत न्हाय."