आमच्या मुंगसाची एकादशी

आमच्या घरात पाच जण एकादशी करायचे: आई, दादा, बायको, मी आणि मुंगूस.

वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालायचा, त्या काळातली ही गोष्ट. मी डोणगावच्या शाळेत मास्तर होतो. कडब्याच्या गंजीत साप निघाला, म्हणून मी मुंगसाचं पिल्लू आणलं. (क्रमिक पुस्तकात 'मुंगूस सापाचा शत्रू आहे' एवढंच होतं. ते जेवतं काय, हे परीक्षेला येत नसे!) दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एकच अट होती: घर माळकरी आहे, मांस-अंडं उंबऱ्याच्या आत येणार नाही. मग मी त्याला दूध-भाकर सुरू केली, पाण्याला पितळी लोटा ठेवला आणि एकादशीला भगर.

महिन्याभरात पिल्लाची रया गेली. भगर हुंगून ते तोंड फिरवायचं. लोट्यात तोंड शिरेना, पाय लावला की लोटा आडवा. मी म्हणायचो, हट्टी आहे, घेईल वळण! शेवटी एका एकादशीला ते चुलीपाशी पडलं ते उठेचना. बायको त्याला पदरात घेऊन रडायला लागली. दादांनी तुळशीपत्र आणायला सांगितलं.

पिल्लू उचलून मी शेजारच्या रहिमनबींकडे धावलो. त्यांच्या कोंबड्या होत्या, म्हणजे मुंगसाशी त्यांचं वैरच असायला हवं. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, काय खाऊ घातलं ह्याले?"

"भगर. आज एकादशी हाये ना."

"तुमचा उपास तुम्ही करा. ह्याले काऊन मारून राह्यले?"

त्यांनी जड दगडी कुंडीत पाणी ओतलं आणि बशीत अंडं फोडलं. पिल्लू आधी पाणीच पीत राहिलं. मग अंडं चाटूनपुसून! पुढे रोज सकाळी ते रहिमनबींच्या अंगणात जेवायला जायचं. आपल्याच कोंबड्यांच्या वैऱ्याला त्या बाईनं पोसलं, आणि दादांपुढे कधी अवाक्षर काढलं नाही. ते उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मुंगूस तुकतुकीत झालं. दादा कौतुकानं पाहत राहायचे. एक दिवस मला म्हणाले, "पाह्य, मुक्या जनावराले एकादशी कशी फळली! आता तू बी सोमवार अन् गुरुवार धर."

खरं सांगायची सोय नव्हती. धरले. मुंगसाला निदान रहिमनबी होत्या. मी अजून भगरच खातो आहे.